तिरक्या उजेडात

वर्ध्यात डेंटिंग-पेंटिंगला टाकलेली गाडी मालकाच्या हाती येते ती बहुतेक दिवेलागणीला. यात कुणाचा डाव असतोच असं नाही. शेवटचं रबिंग आणि पॉलिश दुपारनंतर उरकतं, मग धुणं-पुसणं होतं, मग मालकाला फोन जातो आणि मालकही नोकरी-दुकान आटोपूनच निघतो. ट्यूबलाइटखाली गाडी लखलखत उभी असते. मालक एक चक्कर मारतो, जिथे पोचा होता तिथे हात फिरवतो, हाताला काही लागत नाही, खूश होऊन पैसे देतो. दोन दिवसांनी भर उन्हात कुणीतरी विचारतं, "भाऊ, हे दार वेगळं काहून दिसून राहिलं?" आणि भांडणाला तोंड फुटतं.

अशा भांडणांच्या मधोमध उभं राहणं हे सर्वेअरचं काम. विमा कंपनीसाठी वाहनाचं नुकसान पाहायचं, दुरुस्तीचा अंदाज तपासायचा, आणि काम झाल्यावर ते झालं तसं झालं की नाही हे पुन्हा जाऊन बघायचं. ज्याच्याबद्दल हे लिहिलं आहे तो असाच एक परवानाधारक सर्वेअर. वर्धा, देवळी, पुलगाव, हिंगणघाट, आर्वी असा त्याचा फेरा. एमएच 32 च्या ठोकलेल्या गाड्या पाहण्यात त्याची उमर गेली. डिप्लोमाला त्याला इंजिनाचे चारही स्ट्रोक शिकवले होते, रंगाबद्दल अवाक्षर नव्हतं. आयटीआयमध्ये ऑटो बॉडी पेंटिंगचा वर्षभराचा ट्रेड आहे खरा, पण तालुक्याच्या शेडांमध्ये गन धरणारे बहुतेक हात कुणातरी उस्तादाच्या हाताखाली तयार झालेले. रंग ओळखायला हा सर्वेअरही तिथेच शिकला. नागपूर रोडवरच्या एका शेडात, एका म्हाताऱ्या पेंटरपाशी. सगळे त्याला चाचा म्हणत, म्हणून हाही म्हणू लागला.

जिल्ह्यातल्या अपघातांची तऱ्हा ठरलेली आहे. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या अंगाला सेलू-हिंगणीच्या रस्त्यावर, किंवा कारंजा-आष्टीकडे, रात्री रोही किंवा रानडुक्कर आडवं येतं आणि बंपर, बॉनेट, हेडलाइट एकदम जातं. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तिथे कारला ताशी 120 ची मुभा, त्यामुळे पुढच्या गाडीनं उडवलेली बारीक खडीसुद्धा बॉनेटच्या रंगाचे टवके काढते. बाकी मग बाजारातलं दळण: मोटरसायकलच्या हॅन्डलनं ओढलेली रेघ, गेटच्या खांबाला घासलेला मागचा फेंडर, मागे घेताना लागलेली भिंत.

पुनर्तपासणीला त्याची अट एकच असते. सकाळी, शेडच्या बाहेर, गाडी धुऊन कोरडी केलेली. सकाळचं ऊन तिरकं येतं आणि तिरक्या उजेडात पत्र्याचा प्रत्येक उंचसखलपणा आपली सावली टाकतो. बारा वाजता तोच पत्रा निष्पाप दिसतो. तो पॅनेलसमोर उभाच राहत नाही. मागच्या लाइटपाशी जातो, गुडघे वाकवतो आणि गाडीच्या अंगावरून पुढे नजर टाकतो. विजेच्या तारांचं, शेडच्या टिनाच्या कडेचं प्रतिबिंब दारांवर पडलेलं असतं. ती रेघ एका दारावरून दुसऱ्या दारावर सरळ गेली पाहिजे. मध्येच ती लचकली, तर तिथे लांबी (खळगे बुजवायचा लगदा) भरली आहे आणि ती नीट घोटलेली नाही.

लांबी भरणं हा गुन्हा नव्हे. पोचा हातोडी-डॉलीनं काढला तरी पत्रा पूर्ववत होत नाही. बारीक खळगे उरतात आणि ते भरावेच लागतात. प्रश्न किती भरली याचा असतो. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत पॉलिएस्टर लांबी ठीक चालते. डेंटरनं कंटाळा केला, पोचा अर्धवट काढून बाकीचा खड्डा लांबीनंच बुजवला, तर तो थर पुढे उन्हात-थंडीत पत्र्याच्या जोडीनं फुगत-आकसत नाही आणि कधीतरी तडकतो. त्यामुळे पेंटरच्या कामावर शेरा मारताना सर्वेअर आधी डेंटरचं काम शोधतो. त्याच्या खिशात फडक्यात गुंडाळलेलं लहानसं चुंबक असायचं. चांगल्या पत्र्याला ते धरून राहतं, जाड लांबीवर घसरतं. आता थर मोजायचं यंत्र आलं आहे. पोलादी पत्र्यावर ते चुंबकीय पद्धतीनं मोजतं, ॲल्युमिनियमवर वेगळ्या पद्धतीनं, आणि प्लॅस्टिकच्या बंपरपुढे नेहमीचं यंत्र हात टेकतं.

यंत्रावरचे आकडे वाचायचे तर कारखान्यात काय घडतं ते माहीत हवं. उघडा पत्रा आधी फॉस्फेटच्या द्रावणातून जातो. मग सगळं बॉडीशेल एका हौदात बुडवून विजेच्या प्रवाहानं प्रायमर चढवतात. तो जेमतेम 20 मायक्रॉनचा, पण दाराच्या आतल्या पोकळीत, शिवणींत, जिथे कुठलीही गन पोहोचणार नाही तिथे तो पोहोचतो. त्यावर सरफेसर, त्यावर रंगाचा पातळ बेसकोट, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअरकोट. सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, काही गाड्यांवर त्याहूनही कमी. म्हणजे माणसाचे जेमतेम दोन केस एकावर एक ठेवावेत एवढंच. दुरुस्त केलेल्या चांगल्या पॅनेलवर 200-300 दिसले तर सर्वेअर पुढे जातो. 600 दिसले की थांबतो. हजाराच्या वर गेले की डेंटरला हाक मारतो.

आणि कारखान्याची भट्टी. ती 140 अंशांच्या आसपास तापते, कारण तेव्हा गाडी म्हणजे नुसता पत्रा असतो. अपघातानंतर शेडात आलेल्या गाडीला टायर आहेत, वायरिंग आहे, डॅशबोर्ड आहे, टाकीत पेट्रोल आहे. तिला 60 अंशांच्या पुढे तापवता येत नाही; अधिकृत वर्कशॉपच्या बूथमध्येही अर्धा तास तेवढंच तापमान देतात. म्हणून दुरुस्तीचा रंगच निराळा असतो. उष्णतेऐवजी हार्डनरनं घट्ट होणारा, दोन डब्यांचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. 'कंपनीसारखा रंग मारून देतो' हे प्रत्येक शेडातलं वाक्य म्हणूनच सर्वेअर कधी मनावर घेत नाही. कंपनीसारखा रंग कंपनीबाहेर मारता येत नाही. साठ अंशांत, किंवा नुसत्या वर्ध्याच्या उन्हात, जे सर्वांत चांगलं होऊ शकतं ते झालं का, इतकंच त्याला पाहायचं असतं.

चाचानं उमेदवारी केली ती स्कूटरवर. तेव्हा वर्ध्यात कारा बोटांवर मोजण्याजोग्या. स्कूटर मात्र बजाजची, आणि बजाज तर या गावचेच. 1945 मध्ये जी कंपनी स्थापन झाली आणि पुढे बजाज ऑटो म्हणून देशभर गेली, तिचं पहिलं नाव बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. बच्छराज हे वर्ध्याचे शेठ, जमनालालजींचे दत्तक आजोबा. असो. तर स्कूटरवर मारायचा तो एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, ज्याला जुने लोक आजही ड्यूको म्हणतात. ते ड्यूपॉन्ट कंपनीचं व्यापारी नाव. 1923-24 मध्ये जनरल मोटर्सनं आपल्या ओकलंड गाड्यांवर तो निळा ड्यूको पहिल्यांदा वापरला आणि मोटारीच्या दुनियेत उलथापालथ झाली. तोवर गाडीला ब्रशनं वॉर्निश चढवायचं आणि थरामागून थर वाळायची वाट पाहायची, यात आठवडे जात. हेन्री फोर्डची मॉडेल टी तर 1914 पासून बरीच वर्षं फक्त काळीच मिळत होती. लॅकर थिनर उडताच वाळतो. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि रंगांची रेलचेल झाली.

त्या लॅकरची एक खोड मात्र शंभर वर्षांत गेली नाही. तो थिनरनं विरघळतो, वाळल्यावर वर्षांनंतरसुद्धा. सर्वेअरला हीच खोड उपयोगी पडते. बिलात 'पीयू पेंट' लिहिलेलं असतं, पैसे पीयूचे घेतलेले असतात, आणि कधीकधी मारलेला असतो एनसी, कारण तो स्वस्त, झटपट आणि धुळीला वेळच देत नाही. मग दार उघडून बिजागरीच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, थिनरमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं घासायचं. पीयू पुरता घट्ट झाला असेल तर फडकं पांढरंच राहतं. एनसी असेल तर फडक्यावर गाडी उतरते.

"चमक नको पाहू बेटा, चमक तं मी तुले घंटाभरात काढून देतो," चाचा म्हणायचा. ही बढाई नव्हती. 2000 नंबरच्या पेपरनं पाणी मारून घोटायचं, कंपाउंड लावायचं, मशीन फिरवायचं. कसल्याही रंगाला तासाभरात चमक येते. ज्याचा पैसा मोजायचा ते काम त्याआधीच्या थरांत असतं, आणि ते थर झाकले गेलेले असतात. पत्रा कोरा करून गंज काढला का, उघड्या धातूवर इपॉक्सी प्रायमर गेला का, लांबी कोरडी घोटली की पाण्यानं, प्रत्येक थराला वाळू दिलं का. यातलं काहीच समोरून दिसत नाही. दिसतं ते कडांवर.

म्हणून सर्वेअरचा निम्मा वेळ दाराच्या पानावर जातच नाही. तो खिडकीच्या रबराखाली नख घालतो. रबर न काढता नुसती मास्किंग टेप लावून रंग मारला असेल तर तिथे रंगाची धार उभी असते. नखाला खट्टकन लागते, आणि पुढे पाणी आणि ऊन तिथूनच आत शिरून पापुद्रा सोडवतात. दाराचं हॅन्डल, आरशाचं बूड, बिल्ला हे काढून रंगवले की त्यांच्याभोवती टेप फिरवली? बिजागरीच्या स्क्रूवर रंग आहे, पण त्याचे कोपरे पान्यानं खरचटलेले आहेत? म्हणजे दार उतरवलं होतं. काचेवर, टायरवर, सायलेन्सरवर बारीक फवारा उडाला आहे? म्हणजे गाडी नीट झाकली नव्हती. आणि झाकायचा कंटाळा करणाऱ्यानं घासायचा कंटाळा केला नसेल, यावर त्याचा विश्वास बसत नाही. एका जागची हयगय दुसऱ्या जागची बातमी देते.

पॅनेलच्या मध्यभागी दिसणारे दोष त्यामानानं प्रामाणिक. रंग ओघळला तर ओघळ दिसतो. वंगणाचा किंवा सिलिकॉन पॉलिशचा अंश राहिला असेल तर रंग तिथून पळतो आणि गोल डोळे पडतात. लांबीत हवेची भोकं राहिली तर टाचणी टोचल्यासारखी दिसतात. संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा हाही दोषच, पण इथे सर्वेअर घाई करत नाही. कारखान्यातून आलेल्या रंगालाही तो पोत थोडासा असतोच. शेजारच्या दोन मूळ पॅनेलांवर जेवढा आहे, तेवढाच दुरुस्त पॅनेलवर हवा. एकदा एका मालकानं अभिमानानं दाखवलं की नवं रंगवलेलं दार तर जुन्यांपेक्षाही गुळगुळीत आहे. खरंच होतं. तीस फुटांवरून कळत होतं, कुठलं दार ठोकलं होतं ते.

वर्ध्याचं हवामान हा या धंद्यातला बिनपगारी परीक्षक आहे. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, टिनाच्या शेडात गनमधून निघालेला थेंब पत्र्यावर पोहोचेपर्यंत त्यातला थिनर अर्धा उडालेला असतो. थेंब पसरत नाही, कोरड्या भुकटीसारखा बसतो आणि रंग रखरखीत दिसतो. जाणते पेंटर उन्हाळ्यात सावकाश उडणारा थिनर वापरतात आणि पहाटे गन हातात घेतात. पावसाळ्यात उलट गत. हवेतली ओल वाळत्या लॅकरवर जमते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. आणि दिवाळीनंतर कापूस. हिंगणघाट, वर्धा, सेलूच्या जिनिंगमध्ये रुई सुरू झाली की तंतू हवेत तरंगतात, आणि ओल्या क्लिअरकोटवर बसलेला एक तंतू पेंटरचा अख्खा दिवस खातो. जिनिंगशेजारच्या शेडात जमिनीवर पाण्याचा सडा घातल्याशिवाय, पडदे भिजवल्याशिवाय गनला हात न लावणारे पेंटर सर्वेअरनं पाहिलेत. अशा माणसाच्या बिलावर तो फारसा वाद घालत नाही.

सर्वांत फसवा दोष पावसाळ्यातच पेरला जातो आणि उगवतो नंतर. पॉलिएस्टर लांबी पाणी पिते. आपल्याकडे पाणी पेपरनं घोटायची सवय जुनी. धूळ उडत नाही, हात हलका चालतो, पेपर टिकतो. पण भिजलेली लांबी पुरती सुकायच्या आत वर प्रायमर-रंग चढला की ओल आत कोंडते. गाडी सुपूर्द करताना काम निर्दोष असतं. उन्हाळा आला, बॉनेट इतकं तापलं की हात ठेववेना, की आतली ओल वर यायला बघते आणि रंगाला बारीक फोड येतात. तसंच ओरखडे बुजवायला जाड चोपडलेल्या एनसी पुट्टीचं. तिच्यातला थिनर महिनोन्‌महिने उडत राहतो, ती बसत जाते, आणि खालच्या 80 नंबरच्या पेपरच्या रेघा वर उमटतात. सर्वेअरची सही तोवर कधीच होऊन गेलेली असते. सुपूर्दीच्या दिवशी निकाल द्यायचा आणि दोष वर्षानं यायचा, ही या परीक्षेची मुळातली अडचण आहे. म्हणूनच तो आता शेवटी एकदा पाहण्यापेक्षा मध्येच, प्रायमर लागला असताना, न सांगता शेडात डोकावतो. त्या अवस्थेत पाच मिनिटांत जे कळतं, ते पॉलिश झाल्यावर तासभर वाकून कळत नाही. आधी पेंटर चिडायचे. आता काहीजण स्वतःच फोटो पाठवतात: उघडा पत्रा, लांबी, प्रायमर, असे क्रमानं.

पत्र्याच्या बाबतीत एक गोष्ट मात्र फोटोतही सुटते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. वर्ध्याला जस्त चढवलेला पत्रा नवा नाही. भूगावच्या पोलाद कारखान्यातून तो वर्षानुवर्षं निघतो. पण ग्राइंडरला जाड चकती लावून रंग खरवडला की रंगासोबत जस्तही जातं, आणि मग उघड्या पोलादाला फक्त वरचा प्रायमर तारतो. पोच्यापेक्षा चौपट जागा खरवडून उघडी केलेली दिसली की सर्वेअर नाराज होतो.

आता रंगछटेचं बोलू. अर्धी भांडणं तिच्यावरच होतात.

गाडीवर रंगाचा कोड असतो, पण कोड एक असला तरी छटा एक असेल याची खात्री नाही. पाच वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची छटा कोडात लिहिलेली नसते. मोठ्या वर्कशॉपमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. शेडातला पेंटर टाकीचं झाकण काढतो, ते घेऊन रंगाच्या दुकानात जातो, मिक्सिंग मशीनवाला त्यावरून रंग जुळवतो. ही रीत वाईट नाही, फक्त झाकण उभ्या बाजूचं असतं आणि रंगवायचं असतं आडवं बॉनेट, ज्यानं कितीतरी जास्त ऊन खाल्लेलं असतं. त्यातून दुकानात जुळवाजुळव झाली ट्यूबलाइटखाली. दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणांची छटा एका उजेडात तंतोतंत जुळते आणि दुसऱ्या उजेडात फटकून वागते, हे प्रकाशाचं जुनं शास्त्र आहे. संध्याकाळी जुळलेलं दार सकाळी वेगळं दिसतं ते यामुळे. दरवेळी पेंटरनं फसवलेलं नसतं.

साधा पांढरा त्यातल्या त्यात सोपा. सिल्व्हर जिवावर येतो. त्यात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि ते पत्र्यावर कसे निजतात यावर छटा ठरते. गन जवळ धरली, ओला कोट बसला, तर पापुद्रे खाली बुडतात आणि रंग गडद दिसतो. लांबून कोरडा मारला तर पापुद्रे वर सपाट पसरतात आणि उजळ दिसतो. म्हणजे एकाच डब्यातला रंग दोन पेंटरांच्या हातून दोन छटांचा निघतो. सिल्व्हर गाडी सर्वेअर तीन जागांवरून पाहतो: समोरून, कोपऱ्यावरून, आणि अगदी बाजूला जाऊन तिरकं. समोरून जुळलेलं दार तिरक्या नजरेला काळवंडलेलं दिसणं ही या रंगाची नेहमीची कळ. बंपरला तो थोडी सूट देतो. तो प्लॅस्टिकचा, कारखान्यातही बहुधा वेगळा रंगवलेला, त्यामुळे अगदी नव्या गाडीवरही बंपर आणि फेंडर यांच्यात उन्नीस-बीस असतंच. दुरुस्तीनंतर मालकाची नजर धारदार झालेली असते, म्हणून ते पहिल्यांदा दिसतं.

सिल्व्हरवर उपाय आहे, पण तो अंदाजपत्रकाला मान्य नसतो. एक दार रंगवायचं तर रंग शेजारच्या फेंडरवर आणि मागच्या दारावर विरत विरत न्यायचा आणि तिन्ही पॅनेलांवर पूर्ण क्लिअर मारायचा. डोळ्याला सीमारेषाच सापडत नाही. हिंगणघाटच्या एका गाडीच्या वेळी हा वाद रंगला. ठोकलं होतं एकच दार. पेंटरनं तीन पॅनेल लिहिले. विमा कंपनीच्या दृष्टीनं न ठोकलेल्या पॅनेलचे पैसे द्यायचे कशाला?

"साहेब, एकच दार मारून देतो, पण मग रंगाच्या शेडचं मले बोलायचं नाही," पेंटर म्हणाला.

सर्वेअरची कोंडी झाली. एकाच दाराला मंजुरी दिली तर छटेतला फरक कागदावर सही करतानाच मंजूर होतो. पुढे त्यावर 'निकृष्ट काम' असा शेरा मारायचा त्याला अधिकार राहत नाही. त्यानं अहवालात फेंडर आणि मागच्या दारावर रंग विरवण्याची गरज कारणासह लिहिली. कंपनीनं अर्धवट मानलं, उरलेलं मालकानं भरलं. सगळ्याच कंपन्या मानतात असं नाही, आणि सगळे मालक भरत नाहीत.

पैशाचा हिशेब इथे थोडा सांगायला हवा, कारण मालकांना तो कुणी सांगत नाही. रंगकामावर 50 टक्के घसारा लागतो, पण फक्त मालाच्या किमतीवर, मजुरीवर नाही. बिल एकत्रित असेल तर त्यातला 25 टक्के भाग माल धरायचा. म्हणजे 20,000 रुपयांच्या रंगकामात माल धरला 5,000, त्यावर घसारा 2,500. तेवढे मालकाच्या खिशातून, वर सक्तीची वजावट निराळी. झीरो डेप पॉलिसी असेल तर घसारा सुटतो. नियम नीटनेटका आहे. फक्त त्यात माल आणि मजुरी असे दोनच रकाने आहेत. पाण्यानं घोटलेली लांबी आणि कोरडी घोटलेली लांबी, रबर काढून मारलेला रंग आणि टेप लावून मारलेला रंग, या दोन्हींना तोच पॅनेलचा दर. चांगलं काम करणाऱ्याला त्याचा एक रुपयाही जास्त मिळत नाही, मिळतो तो फक्त जास्त वेळ घेतल्याचा ठपका.

आणखी एका गोष्टीला रकाना नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर चिडलं की पुढे थोड्याशा वासानंही छाती भरते. मोठ्या बूथमध्ये हवा खेचणारे पंखे असतात, बाहेरून ताज्या हवेची नळी जोडलेले मुखवटे असतात. शेडात तोंडाला रुमाल असतो. चाचा शेवटची काही वर्षं गन धरत नव्हता. शेडाबाहेर खुर्ची टाकून बसायचा, पोरांना आवाज द्यायचा, बोलताना मध्ये थांबायचा. कारण लॅकर होतं, पीयू होतं की बिडी, हे कुणी तपासलं नाही. त्यानंतर कुठल्याही शेडात गेल्यावर सर्वेअर आधी भिंतीवरच्या खिळ्याकडे बघतो, मास्क टांगलेला आहे का ते. अहवालात त्याची नोंद होत नाही.

विम्याच्या कामाव्यतिरिक्त त्याला बोलावणं येतं ते जुन्या गाडीच्या सौद्याला. आर्वीच्या एका मास्तरीणबाईंनी पांढरी हॅचबॅक पसंत केली होती. विकणारा शपथेवर सांगत होता, "पूर्ण कंपनी पेंट आहे जी, कुठंच हात नाही लागला." यंत्रानं छतावर 110 दाखवले, बॉनेटवर 115, उजव्या दोन्ही दारांवर तसेच. डाव्या मागच्या दारावर 740. विकणारा गप्प. बाईंना वाटलं सौदा मोडला.

सर्वेअरनं मोडू दिला नाही. त्यानं मागचा गालिचा उचलून फरशीचा पत्रा पाहिला, खांबाच्या वेल्डिंगचे कारखान्यातले ठिपके मोजून जुळवले, दार आणि फेंडर यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते बोट फिरवून पाहिलं. सांगाडा शाबूत होता. दाराला कुणीतरी बाजूनं खेटलं होतं, डेंटरनं आळस केला होता, पेंटर मात्र बरा भेटला होता. छतावर 740 आले असते तर गाडी उलटली असल्याचा संशय आला असता आणि त्यानं बाईंना सरळ घरी पाठवलं असतं. दाराचं तसं नाही. किंमत थोडी उतरवून घ्या आणि घेऊन टाका, असं तो म्हणाला. दार पुन्हा रंगवून घेऊ का, या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं की तडा किंवा फोड दिसेपर्यंत हात लावू नका, उगाच आणखी एक थर चढेल. एक काम मात्र तातडीचं होतं. दाराच्या खालच्या शिवणीत पाणी निथळायला जी बारीक भोकं असतात, ती रंगकामात लांबीनं बुजली होती. काचेवरून आत उतरणारं पावसाचं पाणी तिथे साचून दार आतून सडलं असतं. मृग लागायला फार दिवस नव्हते. त्यानं गाडीतलाच स्क्रूड्रायव्हर मागितला आणि तिथेच खाली बसून दोन्ही भोकं मोकळी करून दिली.